देवगिरीचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने ८०० वर्षांपूर्वी गायकांचे २५ दोष लिहून ठेवले होते

छत्रपती संभाजीनगरातून वेरूळला निघालं की छावणी मागे पडते, पडेगाव लागतं, मग मिटमिटा, शरणापूरचा फाटा आणि मग समोर दौलताबादचा किल्ला. पडेगावपासून किल्ला जेमतेम आठ-दहा किलोमीटर. या रस्त्याने आपण सगळेच कधी ना कधी गेलोय. शाळेची सहल असो नाहीतर रविवारची बाईक राईड, किल्ल्यावर पोहोचलं की गाईड अंधारी वाट दाखवतो, मेंढा तोफ दाखवतो, तुघलकाने राजधानी कशी हलवली ते सांगतो. चांदमिनारसमोर सेल्फी होतो आणि मंडळी परत फिरतात.

पण किल्ल्याचं नाव दौलताबाद पडायच्या आधी, तो देवगिरी असताना, इथे एक माणूस राज्याचे हिशेब सांभाळत होता. त्याने एक ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरा आजही या ग्रंथाला आपला मानतात. इतकं एकमत त्यांचं क्वचितच होत असेल.

माणसाचं नाव शार्ङ्गदेव. काही जण शारंगदेव असंही लिहितात. ग्रंथाचं नाव 'संगीतरत्नाकर'.

आता तुम्ही म्हणाल, संस्कृतातला जुना ग्रंथ, त्यात श्रुती, मूर्च्छना, ग्राम असलं काहीतरी असणार, आपला काय संबंध? संबंध आहे. गाणं शिकायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतो. युट्यूबवर सगळं फुकट मिळतंय, ॲप सूर बरोबर की चूक ते सांगतंय, मग दर महिन्याची फी भरून गुरूकडे जाऊन नक्की मिळतं काय? शार्ङ्गदेवांच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय वाचला की याचं बऱ्यापैकी सविस्तर उत्तर हाती लागतं.

आधी हा माणूस देवगिरीला आला कुठून ते बघू.

शार्ङ्गदेवांचं घराणं काश्मीरचं. आजोबांचं नाव भास्कर. ते काश्मीर सोडून दक्षिणेत आले. (हे भास्कर म्हणजे 'लीलावती' लिहिणारे गणिती भास्कराचार्य नव्हेत, नाव सारखं असल्यामुळे गल्लत होते.) त्या काळी काश्मीर म्हणजे संस्कृत विद्येचं मोठं पीठ. भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिणारे अभिनवगुप्त तिथलेच. म्हणजे नातवाच्या पुढे संगीतशास्त्राची जी शिदोरी आली, तिचा एक भाग थेट काश्मिरातून आलेला होता.

आजोबा आले त्या सुमारास दक्षिणेतही उलथापालथ सुरू होती. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता ढासळत होती आणि भिल्लम पाचवा हा यादव राजा देवगिरीला राजधानी करून उभा राहत होता. साल साधारण ११८७. शार्ङ्गदेवांचे वडील सोढल या भिल्लमाच्या दरबारात रुजू झाले आणि पुढे त्याचा नातू सिंघण याच्याही पदरी राहिले. परप्रांतातून आलेलं कुटुंब एका पिढीत राजाच्या विश्वासातलं झालं, ते लेखणीच्या जोरावर.

सिंघणाची कारकीर्द साधारण १२१० ते १२४७. यादवांच्या सत्तेचा हा सगळ्यात भरभराटीचा काळ. याच सिंघणाच्या दरबारात चांगदेव नावाचे राजज्योतिषी होते. हे मात्र खरोखरच गणिती भास्कराचार्यांचे नातू. (आणि ज्ञानेश्वरांना वाघावर बसून भेटायला गेलेले चांगदेव ते हे नव्हेत, ही दुसरी गल्लत.) आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. विद्या शिकवण्यासाठी जमीन आणि उत्पन्न लावून दिलं जात होतं, असा तो काळ. शार्ङ्गदेव वाढले ते अशा वातावरणात.

त्यांचं पद होतं श्रीकरणाधिपती. श्रीकरण म्हणजे राज्याचं दप्तर आणि हिशेब बघणारं खातं. हा शब्द ओळखीचा वाटत असेल तर बरोबर आहे. पुढे महादेव आणि रामचंद्र यादवांच्या काळात हेच पद ज्यांच्याकडे होतं ते हेमाद्री, म्हणजे आपले हेमाडपंत. मोडी आणि हेमाडपंती देवळांमुळे हेमाडपंत घराघरात पोहोचले, पण त्याच खुर्चीवर आधी बसलेल्या शार्ङ्गदेवांचं नाव गाणाऱ्यांपुरतंच राहिलं. दोघांत आणखी एक साम्य आहे, दोघांनाही आयुर्वेदाचा नाद होता. शार्ङ्गदेव स्वतःबद्दल सांगतात की ब्राह्मणांना ते धन देत, जिज्ञासूंना विद्या देत आणि आजाऱ्यांना औषध. दिवसभर हिशेब, मग रोगी, मग शिकायला येणारे आणि उरलेल्या वेळात संगीत, असा त्यांचा एकंदर व्याप असणार.

स्वतःला ते 'निःशंक' म्हणवून घेत. म्हणजे ज्याला शंका उरलेली नाही असा. त्यांच्या नावाची एक निःशंक वीणाही आहे. स्वतःच्या घराबद्दल लिहिताना ते म्हणतात की ठिकठिकाणी फिरून दमलेली सरस्वती आता त्यांच्याकडे विसावा घेते. आजच्या भाषेत याला भारीच आत्मविश्वास म्हणावं लागेल. पण ज्या घराने काश्मीर ते देवगिरी असा प्रवास केला, त्या घरातल्या माणसाच्या तोंडी ही कल्पना नुसती शेखी वाटत नाही. त्यांच्या घरातली विद्या खरोखरच फिरून आली होती.

'संगीतरत्नाकरा'चे सात अध्याय आहेत. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. गाणं, वाजवणं आणि नाचणं या तिन्हींना मिळून संगीत म्हणायचं, हे या ग्रंथाने इतकं ठसवलं की पुढच्या ग्रंथकारांनी तीच चौकट धरली. रागांची संख्या २६४ दिलीय. हिशेबनीस म्हटल्यावर मोजदाद आलीच. श्रुती २२ आहेत हे पटवायला त्यांनी प्रत्येकी २२ तारांच्या दोन वीणा घेतल्या. एक तशीच ठेवायची, दुसरी पायरीपायरीने उतरवत न्यायची आणि कानाने ताडून बघायचं.

देवगिरीच्या आसपास लोक काय गात होते, तेही त्यांच्या कानावर होतं. प्रबंधाच्या अध्यायात चक्क ओवी आहे. तीन खंड, त्यांना यमक, भाषा लोकांची आणि शेवटी ओवी हा शब्द. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधी निदान चाळीस वर्षं देवगिरीच्या एका अधिकाऱ्याने ओवीची नोंद संस्कृत शास्त्रग्रंथात करून ठेवली होती.

पण आपला विषय आवाज.

वैद्य असल्याचा फायदा शार्ङ्गदेवांना इथे झाला. स्वरांबद्दल बोलण्याआधी ते माणसाच्या शरीराबद्दल बोलतात. गर्भ कसा वाढतो इथपासून सुरुवात करतात आणि जास्त तपशील हवा असेल तर आपला 'अध्यात्मविवेक' हा दुसरा ग्रंथ बघा असं सुचवतात. संगीताच्या पुस्तकात गर्भाचं काय काम, असं वाटेल. त्यांचा मुद्दा सरळ आहे. आवाज शरीरातून येतो, तर आधी शरीर समजून घ्या. बोलायची इच्छा झाली की मन शरीरातल्या अग्नीला हलवतं, अग्नी वायूला ढकलतो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक आणि मुख अशा वाटेने वर येत नाद होतो. मंद्र छातीत, मध्य गळ्यात, तार डोक्यात, आणि प्रत्येक सप्तक आधीच्याच्या दुप्पट. आजचं शरीरशास्त्र असं सांगत नाही हे खरं. पण खालचे सूर गाताना कंप छातीत जाणवतो आणि वरचे गाताना डोक्यात, हे गाणाऱ्या कुणालाही विचारा. पाश्चात्त्य गाणंही याच अनुभवावरून छातीचा आवाज आणि डोक्याचा आवाज अशी नावं वापरतं.

यानंतर येतो तिसरा अध्याय, प्रकीर्णक. म्हणजे इतर कशात न बसणारं, किरकोळ. नाव किरकोळ असलं तरी माझ्या मते गाणं शिकणाऱ्याने ग्रंथातला एकच भाग वाचायचा ठरवला तर तो हा.

इथे आवाजाच्या जाती आहेत. वैद्याच्या हिशेबाने कफ, वात, पित्त. कफाचा आवाज तो खाहुल, मऊ आणि गोड. पित्ताचा तो नाराट, भरीव, तिन्ही सप्तकांत फिरणारा. वाताचा तो बोंबक, पोकळ आणि खरखरीत. बोंबक हा शब्द वाचला की मराठी माणसाला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि या तिन्हींची सरमिसळ तो मिश्रक. त्रिदोषाचं वर्गीकरण आज कुणी जसंच्या तसं मानणार नाही. पण यामागची कामाची गोष्ट मानावी लागते. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या घडणीचा असतो आणि शिकवणाऱ्याने आधी समोरचा आवाज कुठला ते ओळखायचं असतं. मऊ आवाजाच्या मुलीला भरीव आवाजाच्या गायकाची नक्कल करायला लावली तर तिचा गळा बसेल, आणि जे तिचं स्वतःचं होतं तेही जाईल.

मग येतो 'शारीर' हा शब्द. रियाज नसतानाही राग उमटवण्याची जी ताकद आवाजात असते, ती शारीर. शरीराबरोबरच जन्माला येते म्हणून शारीर. आपण ज्याला देणगी म्हणतो, ती हीच. ती असते हे शार्ङ्गदेव मान्य करतात, उगाच सगळे समान असं म्हणत नाहीत. पण उत्तम गायक कोण, हे सांगताना ते जवळजवळ दोन डझन गुण मोजतात आणि त्यात ही देणगी हा फक्त एक गुण आहे.

बाकीचे बघा. गळा ताब्यात असणं. तालाचं ज्ञान. लक्ष जागेवर असणं. न दमता गाता येणं. कुठून स्वर उचलायचा आणि कुठे सोडायचा याची जाण. तिन्ही सप्तकांतली गमक सहज निघणं. शिकलेलं लक्षात राहणं. रियाजाची आवड. आणि यादीच्या शेवटी सुसंप्रदाय, म्हणजे चांगल्या परंपरेत तालीम झालेली असणं. यातलं बहुतेक सगळं शिकवून आणि करवून घेऊन येणारं आहे. म्हणजे देणगी घेऊन आलेल्या मुलालाही बरीच वाट गुरूबरोबरच चालावी लागते.

आता ते २५ दोष.

दात आवळून गातो तो संदष्ट. नुसता ओरडतो तो उद्घुष्ट. गाताना सूं सूं आवाज काढतो तो सूत्कारी. तोंडाचा मोठा जबडा उघडतो तो कराली. उंटासारखी मान वर काढतो तो करभ. बोकडासारखं तोंड करणाराही आहे. मान वाकडी करतो तो वक्री, गाल भोपळ्यासारखे फुगवतो तो तुंबकी, डोळे मिटून घेतो तो निमीलक, हातपाय पसरतो तो प्रसारी. आणि कपाळाच्या, तोंडाच्या, गळ्याच्या शिरा ज्याच्या टरारून फुगतात तो झोंबक. हे वाचताना डोळ्यांपुढे गावातला एखादा ओळखीचा गायक उभा राहिला नाही, असं होणं कठीण.

यातला एकही दोष सुराचा नाही, हे लक्षात आलं? कोमल-तीव्र चुकलं, ताल हुकला, वर्ज्य स्वर लागला, शब्द अस्पष्ट आले, नाकात गायला, हे दोष यादीत आहेतच. पण मान, दात, गाल, डोळे, शिरा यांवर शार्ङ्गदेवांनी तितकीच शाई खर्च केलीय. यामागे वैद्याची नजर आहे. शिरा फुगल्या याचा अर्थ गळ्याभोवतालचे स्नायू आवळले गेलेत. आवळलेल्या गळ्यातून वरचा सूर एखाद दिवस निघेल, पण वर्षानुवर्षं असंच गायलं तर आवाज घोगरा होतो, कधी कायमचा. मान वर काढली की स्वरयंत्र ताणलं जातं. दात आवळले की आवाजाला बाहेर यायला वाट राहत नाही. सूर चुकायच्या आधी शरीर चुकलेलं असतं.

आणि गंमत अशी की गाणाऱ्याला हे दिसत नाही. गाताना आपल्याच कपाळाची शीर कुणी बघत नाही. कानाचंही तेच. स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसाच हाडांतूनही येतो, म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की परका वाटतो. समोर बसलेला माणूस जो आवाज ऐकतो, तो गाणाऱ्याने थेट कधीच ऐकलेला नसतो. गुरू म्हणजे आधी तो समोर बसलेला माणूस. रेकॉर्डिंगने थोडं काम होतं, नाही असं नाही. पण दहा चुकांपैकी आधी कुठली धरायची आणि कुठली आपोआप जाईल म्हणून सोडायची, हे मोबाईल सांगत नाही.

यादीत आणखी दोन दोष आहेत, भीत आणि शंकित. घाबरून गाणारा आणि घाईघाईने गाणारा. स्टेजवर पहिल्यांदा उभं राहिलेल्या प्रत्येकात हे दोघंही असतात. भीतीला दोष म्हणायचं, म्हणजे तिच्यावर इलाज आहे असं मानायचं. ती स्वभावात आहे म्हणून शार्ङ्गदेवांनी सोडून दिलेली नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गायकांचे उत्तम, मध्यम, अधम असे तीन वर्ग करताना त्यांनी लावलेला हिशेब. सगळे गुण असून दोष नाहीत तो उत्तम. काही गुण कमी, पण दोष नाही तो मध्यम. आणि ज्याच्यात दोष आहेत तो अधम, मग गुण असोत. म्हणजे साधं पण निर्दोष गाणारा मुलगा, भारी ताना घेणाऱ्या पण गळा आवळून गाणाऱ्या मुलाच्या वर. रिॲलिटी शोच्या हिशेबात हे बरोबर उलटं चालतं. शिकवणाऱ्यांसाठी यात कामाचा क्रम दडलेला आहे. आधी दोष काढा, ताना नंतर. आणि म्हणूनच चांगल्या गुरूकडे पहिली दोन वर्षं कंटाळवाणी जातात. नुसता सा लावायला सांगतात, पलटे घोटून घेतात, घरी पाहुण्यांना ऐकवण्यासारखं काही हाती लागत नाही आणि आईबाप विचारायला लागतात की गाणं कधी शिकवणार.

याचं एक सुंदर उदाहरण भारताबाहेरचं आहे. जेनी लिंड ही स्वीडनची गायिका. विशीतच तिचा आवाज अति गाऊन खराब झाला होता. १८४१ साली ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या गुरूकडे गेली. त्याने तिला काही शिकवण्याऐवजी आधी कित्येक आठवडे गाणंच बंद ठेवायला लावलं, आणि मगच मुळापासून सुरुवात केली. पुढे ती युरोप-अमेरिकेत गाजली. याच गार्सियाने १८५४ मध्ये आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून गाताना स्वतःचं स्वरयंत्र कसं हलतं ते पाहिलं. डॉक्टर पुढे घसा तपासायला जी आरशाची पद्धत वापरू लागले, तिच्यामागे एका गाणं शिकवणाऱ्याची ही खटपट आहे. देवगिरीचा वैद्य आणि पॅरिसचा गुरू यांच्यात सहाशे वर्षांचं अंतर, पण दोघांची नजर गाण्याआधी गळ्यावर.

शार्ङ्गदेवांनी गायकांचे आणखी पाच प्रकार केलेत आणि त्यात पहिलं नाव आहे शिक्षाकार. काहीही कमी न ठेवता शिकवू शकणारा. मग अनुकार, म्हणजे दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करणारा. रसिक, जो स्वतः रसात बुडतो. रंजक, जो ऐकणाऱ्यांना खूश करतो. आणि भावक, जो गाण्यात आणखी काही भर घालतो. यात शिकवणं ही वेगळी विद्या मानलीय, हे बारकाईने बघण्यासारखं आहे. मैफल मारणारा रंजक चांगला शिक्षाकार असेलच असं नाही. आपल्याकडे मात्र टीव्हीवर दिसणारा गायक क्लास काढतो आणि रांग लागते. शिवाय काहीही कमी न ठेवता या अटीत आणखी एक गोष्ट येते. विद्या राखून ठेवायची नाही. घरातल्यांना एक आणि बाहेरच्यांना दुसरं, असं आपल्या संगीताच्या इतिहासात पुष्कळ झालं. देवगिरीच्या या ग्रंथानुसार तसं करणारा शिक्षाकार म्हणवून घ्यायला पात्रच नाही.

एका बाबतीत मात्र ग्रंथ आपल्या काळाच्या पुढे जात नाही. गायिकांना गायकांसारखेच गुण सांगितलेत, पण वर रूप आणि तारुण्यही मागितलंय. पुरुषांच्या यादीत रूपाची अट नाही. दरबारी नजर म्हणायची आणि पुढे जायचं. तरी उत्तम वृंद कसा असावा हे सांगताना त्यांनी चार मुख्य गायक, आठ त्यांना साथ देणारे, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले असा ३२ जणांचा ताफा दिलाय. म्हणजे देवगिरीच्या दरबारातल्या मोठ्या वृंदगानात बायकांची संख्या गाणाऱ्या पुरुषांइतकीच होती.

त्यांच्यामागे पन्नासेक वर्षांत सगळं फिरलं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ मध्ये यादवांची सत्ता कायमची संपली. १३२७ मध्ये तुघलकाने राजधानी इथे आणली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. राजा गेला, दरबार गेला, ३२ जणांचे वृंद पोसणारं कुणी राहिलं नाही.

ग्रंथ मात्र वाचला, आणि तो चांगलाच फिरला. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने त्यावर टीका लिहिली. पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथांनी लिहिली. गुजरातेत तुघलकांच्याच एका सुभेदारासाठी लिहिलेल्या 'गुन्यतुल मुन्या' या फारसी ग्रंथातही 'संगीतरत्नाकरा'चा आधार घेतलाय. ज्या सत्तेने देवगिरीचा दरबार मिटवला, तिच्याच अधिकाऱ्याला देवगिरीचं संगीत समजून घ्यायचं होतं.

पण इथे एक खोच आहे. ग्रंथात २६४ राग आहेत, त्यांचे स्वर दिलेत, काहींचे नमुनेही लिहून दिलेत. तरी यातला एकही राग शार्ङ्गदेवांना जसा ऐकू येत होता तसा आज कुणी गाऊन दाखवू शकत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभर फिरून जुने ग्रंथ आणि हयात गवई दोन्ही धुंडाळले. त्यांचं मत असं झालं की या ग्रंथातलं संगीत आणि आजचं संगीत यांची सांगड घालणं जवळजवळ अशक्य आहे, कारण मूळ स्वरसप्तक कोणतं यावरच घोडं अडतं. नंतरच्या अभ्यासकांनी बरंच उलगडलं, पण कागदावर. शार्ङ्गदेवांनी एका सुरातून दुसऱ्यावर आवाज कसा डोलवायचा याचे १५ गमक लिहिलेत, त्यात तोंड मिटून घ्यायचा मुद्रित गमकही आहे. रागाचे छोटे घटक ज्यांना ते स्थाय म्हणतात, ते ९६ दिलेत. इतकं काटेकोर लिहूनही समोर बसून तो सूर लावून दाखवणारी, आणि शिष्याने लावला की हं, नाही, परत, असं म्हणणारी माणसांची साखळी मध्येच तुटली. लिहिण्यासारखं जेवढं होतं तेवढं शार्ङ्गदेवांनी लिहिलं, आणि राहिलं ते नेमकं गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात जाणारं.

२५ दोष मात्र एका वाचनात कळतात, कारण माणसाची मान, दात आणि भीती आठशे वर्षांत बदललेली नाही.

पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये कल्लिनाथांच्या टीकेसह हा ग्रंथ छापला. ग. ह. तारळेकरांनी त्याचं मराठी भाषांतर केलंय आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ते प्रकाशित केलंय, त्यामुळे संस्कृत येत नाही ही सबब चालणार नाही. छत्रपती संभाजीनगरात एमजीएमच्या महागामी गुरुकुलातर्फे शार्ङ्गदेवांच्या नावाने संगीत-नृत्याचा समारोहही होतो. भाषांतर हाती लागलं तर थेट तिसरा अध्याय उघडा, आणि दोषांचं पान आरशासमोर गाऊन झाल्यावर वाचा.